मामीचा ऊद

त्या रविवारी माझ्या पर्समध्ये नमुन्याची एक डबी होती आणि डबीत विष्ठा होती. कुणाची, ते मला अजून ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच बिडकीनपासून शहरापर्यंत स्कूटी मी मोठ्यानं गाणं म्हणत चालवली. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं. बघू दे म्हटलं. काही सापडलं की त्या दिवशी मी माणसात नसते, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे. रिक्षावाल्याला कुठून असणार?

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आठवडाभर लोकांचं रक्त, थुंकी आणि बाकी जे काय असेल ते काचेच्या पट्टीवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसायचं. रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून पैठणच्या रस्त्याला लागायचं. नवऱ्याला यातलं कशाचंच वेड नाही. डबी फ्रीजच्या जवळपास जरी दिसली तरी तो घर सोडून जाईल, म्हणून मी ती बाल्कनीत ठेवली. तरी त्यानं ओळखलंच. म्हणाला, "आठवडाभर बघून पोट भरत नाही का तुझं?"

आता ती डबी कुठं भरली, ते सांगायला हवं. माझ्या मामांचं गाव नाथसागराच्या फुगवट्यावर आहे. फुगवटा म्हणजे धरणाच्या मागं गोदावरीचं अडून पसरलेलं पाणी. आमच्याकडं नदीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. आमचा मुलूख कोरडा. वाटेनं दोन्ही अंगांना नुसतं माळ, खुरटी झुडपं, पांढरी धूळ. डोळे तापायला लागतात. आणि एक चढ संपला की समोर एकदम पाणीच पाणी. कितीदा गेले असेन, पण त्या चढावर दरवेळी माझ्या छातीत धडधडतंच. हिवाळ्यात त्या पाण्यावर कुठून कुठून पाहुणे उतरतात. चक्रवाकांच्या जोड्या, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, आणि नशीब जोरावर असलं तर उथळ पाण्यात गुलाबी पायांवर उभे असलेले रोहित. दाही दिशांना कोरडं असताना इतक्या जिवांना ही एक जागा सापडते, याचं मला दरवेळी इतकं अप्रूप वाटतं की मी एकटीच हसत सुटते.

पाणी मागं सरकेल तशी खालची गाळाची जमीन उघडी पडते. मामा आणि गावातले बाकीचे तिथं गाळपेर करतात, म्हणजे ओल्या गाळात हरभरा, भाजीपाला असलं काही पेरतात. वरच्या अंगाला मामांची मोसंबीची बाग आहे. तिला फुगवट्यातूनच मोटारीनं पाणी द्यायचं. पाणी जसजसं दूर जातं तसतशी त्याच्या मागं चारी खणत न्यायची. चारी म्हणजे पाण्याला मोटारीपर्यंत आणणारा लांबलचक चर. मार्च लागला की सगळ्या काठाला जेसीबीची घरघर सुरू होते.

गावाच्या एका टोकाला टेकडी आहे, टेकडीवर पीरबाबाचा छोटा दर्गा. टेकडीच्या पायथ्याशी एक घळ थेट पाण्यात उतरते. तिथं जुन्या ओढ्याचा खोल डोह आहे, ऐन उन्हाळ्यातही न आटणारा. काठाला वेड्या बाभळी आणि पाणकणीस इतकं माजलंय की आत शिरायचं तर वाकून शिरावं लागतं. त्या घळीत कुणी कुऱ्हाड नेत नाही, जाळं टाकत नाही, गुरं सोडत नाही. कारण तिथं ऊद येतो.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. मामी लग्न होऊन आली त्या वर्षी एका पहाटे घळीच्या बाजूनं धुणं घेऊन परतली आणि आजीला म्हणाली, "खाली ऊद आलता. लई वास यायलाय." आजीच्या हातातली परात राहिली हातात. घळीत ना माणूस, ना निखारा, ना दर्ग्याचा मुजावर गावात. आणि नव्या सुनेला उदाचा वास येतो? दर्ग्यात दर जुम्मेरातला ऊद-लोबान जाळतात, तो वास सगळ्यांच्या ओळखीचा. आजीनं तिथल्या तिथं हात जोडले. पीरबाबा घळीत फिरतात आणि आमच्या सुनेवर त्यांची मर्जी आहे, हे दुपारपर्यंत गावभर झालं. तेव्हापासून मामा दर उरुसाला चादर चढवतात आणि मामीशिवाय घळीकडं कुणाला फिरकू देत नाहीत. मामीला घरात जो मान मिळाला तो मग कधी कमी झाला नाही. पहिला चहा तिला. कुठलंही मोठं काम काढायचं तर मामा आधी तिला विचारणार, "काय गं, पहाटं आलता का वास?" ती आला म्हणाली की काम सुरू.

त्या रविवारी मी एका जांभळ्या पाणकोंबडीच्या मागं मागं त्या घळीत शिरले. पीरबाबाची मनात माफी मागून शिरले, हेही सांगते. पाणकोंबडी गेली कुठल्या कुठं. पण डोहाकाठच्या एका सपाट दगडावर मला ती विष्ठा दिसली आणि माझ्यातली लॅबवाली जागी झाली. काळपट, चिकट, आणि उन्हात चमकणारी. विष्ठा चमकते का कधी? वास तर असा की नाकातून थेट मेंदूत. मासळी बाजाराचा, पण त्यात काहीतरी कस्तुरीसारखं मिसळलेलं. पर्समध्ये रिकामी डबी होतीच. आमच्या पेशातल्या बायकांच्या पर्समध्ये असते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पट्टी भिंगाखाली सरकवली आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. माशांचे खवले! एकावर एक, आत गोल गोल रेघा असलेले, नितळ खवले. काटे. खेकड्याच्या कवचाचे तुकडे. मासे खाणारं, दगडावर मुद्दाम खूण ठेवणारं, डोहाकाठी राहणारं काय असेल? मी नाव मनातसुद्धा घेत नव्हते, दृष्ट लागेल म्हणून. पाणमांजर. आमच्या रविवारच्या पक्षीवाल्या मंडळींत जुन्या जाणत्यांनीही ते या काठाला कधी पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "काय गं, कुणाला एवढे जंत झालेत?"

पुढच्या शनिवारी कामावरून सुटले ती तडक मामांकडं. मामा बाजाराला गेले होते. मामी ओट्यावर शेंगा निवडत होती. मी चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली.

"मामी, तू रोज पहाटं घळीकडं जातेस. तिथं कधी पाणमांजर बघितलंस का?"

"ते काय असतंय बाई?"

"मांजर नाही ते. हे एवढं लांब, तपकिरी, कातडी ओली चकचकीत. चपटी शेपूट, मिशा. पाण्यात सुळ्ळकन जातं आणि मासा घेऊन वर येतं."

मामीच्या हातातली शेंग थांबली. "आगं, मग ऊद म्हण की! ऊद इचारायलीस व्हय!"

मी तिच्याकडं बघत राहिले. ती माझ्याकडं. आणि मग माझ्या डोक्यात असा काही लख्ख उजेड पडला की मी ओट्यावर धपकन बसले.

मामीचं माहेर खाली गंगथडीला, नदीच्या अगदी काठावर. तिकडं या जनावराला ऊदच म्हणतात. तिच्या लहानपणी रोज दिसायचा. आणि इकडं, तिच्या सासरी, ऊद म्हणजे दर्ग्यात जाळतात तो. शब्द एकच, तिकडं जनावर, इकडं धूप. नव्या सुनेनं सांगितलं जनावराचं, सासूनं ऐकलं पीराचं.

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच.

"काय सांगणार? पदर सांभाळायचं वय माझं. सासूबाई माझ्यापुढं हात जोडून उभ्या! भ्या वाटलं. म्हणलं, उद्या सांगू. उद्याला आख्खा गाव बघायला आला." मग ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, ती थांबेचना. "आन् खरं सांगू का, मला तरी कवा उदबत्तीचा वास आला गं? मला आपला माशाचाच यायचा. पण पयला चहा मिळायलाय तर कोण सोडतंय?"

हसून झाल्यावर ती जरा गंभीर झाली. म्हणाली, "त्या भ्यानं कुणी खाली जात नाय. मी गप बसले तर उदाचं बी बरंच झालं की." तेव्हा मला कळलं की माझ्या या मामीनं इतकी वर्षं एका चुकीच्या ऐकण्याच्या आडोशाला तो डोह राखला होता. संस्था नाही, फलक नाही, तारेचं कुंपण नाही. मला तिला उचलून गरागरा फिरवावंसं वाटलं. वजनामुळं राहून गेलं.

रविवारी फटफटलं तशा आम्ही दोघी घळीत उतरलो. मामी पुढं, पदर कमरेला खोचून, मी मागं मोबाइल हातात घट्ट धरून. दगडाआड बसलो. बराच वेळ नुसतं पाणी. मग पाणकणसात एक शीळ वाजली, बारीक, लाडात आलेल्या पोरासारखी. आणि डोहाच्या मधोमध एक चपटं ओलं डोकं वर आलं. मागं दुसरं. मामीनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला. त्यातल्या मोठीनं मासा डोक्याकडून कराकरा चावून खायला घेतला तेवढ्यात बाभळीच्या मुळाखालच्या बिळातून तीन पिल्लं गडबडत बाहेर आली. एक सरळ पाण्यात, दुसरं त्याच्या अंगावर, आणि तिसरं काठावरच बसून ओरडायला लागलं. मोठी पाण्यातून वर आली, त्याला मानगुटीला धरलं आणि बुडवलंच! पोहायला शिकवत होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला हसूही आवरत नव्हतं. आमच्या कोरड्या मुलखात, आमच्या गंगेत, अजून हे आहे. संपलेलं नाही. पिल्लं आहेत!

घरी पोचेपर्यंत मला दम नव्हता. मामा ओट्यावर दाढी करत होते. मी धावत जाऊन मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "मामा, हा बघा! हा बघा तुमचा ऊद!" आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, खवल्यांपासून माहेरच्या शब्दापर्यंत. आनंद एकटीनं ठेवून घेणं मला जमतच नाही. मामी मागनं आली आणि उंबऱ्यात थांबली.

मामांनी चित्रफीत शेवटपर्यंत बघितली. अर्ध्या गालाला साबण तसाच. मग मामीकडं बघून म्हणाले, "म्हंजे वास ह्याचा व्हता?"

"व्हय."

"आन् मी गावभर सांगत फिरलो."

मला वाटलं हसतील. मामा हसले नाहीत. तोंड धुतलं, टोपी घातली आणि म्हणाले, "पीरबाबा दर्ग्यात हाईत, तिथं चादर चढवायची ती चढवूच. पण घळीत जर नुसतं जनावरच असंल, तर उद्याची चारी मी डोहातनंच घेतो."

जेसीबी सोमवारी सकाळी येणार हे मला माहीत होतं, पण चारी टेकडीला वळसा घालून पलीकडच्या उथळ पाण्यापर्यंत जायची होती. लांबचा फेरा, आणि गाळ इतका की उन्हाळ्यात पुन्हा उपसावा लागणार. घळीतून सरळ घेतली तर डोह मोटारीच्या हाकेवर. पीरबाबाच्या भयानं जे आजवर झालं नव्हतं, ते आता सरळ सरळ शहाणपणाचं होतं. आणि मधोमध बाभळीचं ते मूळ.

मी जमेल तितकं बोलले. पिल्लं लहान आहेत, बीळ फुटलं तर मरतील, पाणी उपसलं तर डोहातले मासेही जातील. कायद्यानं गुन्हा आहे, वनखात्याला कळवावं लागेल. इथं मामा तडकले. "कायदा मला शिकवू नगं पोरी. बाग वाळायला लागली की तुझा कायदा पाणी घालायला यील का? जा, बघून यी झाडं." मी गेले. मोसंबीची पानं दुपारच्या आधीच आत वळलेली होती, खालची फळं सुपारीएवढी असतानाच गळून पडली होती. मामा खोटं बोलत नव्हते. त्यामुळंच मला जास्त राग आला, आणि कुणावर काढायचा ते कळेना. वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो चांगला माणूस, पण म्हणाला, "ताई, मंगळवारी येतो." जेसीबी सोमवारचा.

संध्याकाळी मामी भाकरी थापत होती, मी तिच्याजवळ बसले तर म्हणाली, "त्यांचा मान गेला गं. गावाला काय सांगतील?" मला ते सुचलंच नव्हतं. मी फक्त ऊद बघत होते, ती नवऱ्याकडंही बघत होती. मी विचारलं, "आणि तुझा मान?" तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "माझं मी बघते."

मी सोमवारची रजा टाकली. सकाळी जेसीबी धूळ उडवत आला. ड्रायव्हरनं गाणी मोठ्यानं लावलेली. मामा नारळ घेऊन घळीच्या तोंडाशी उभे. काम सुरू करायच्या आधी यंत्रापुढं नारळ फोडायचा, तसा रिवाज. मी तिथंच दगडावर बसले होते, उठायचं नाही असं ठरवून. मामांना माझी पर्वा नव्हती. भाचीला ओढून बाजूला करता येतं.

तेवढ्यात मामी आली. डोईवर पदर, हातात ट्रे, ट्रेमध्ये चहा. आधी ड्रायव्हरला दिला. त्यानं गाणी बंद केली. मग ती मामांपुढं जाऊन उभी राहिली आणि चारचौघांत, ड्रायव्हर आणि चारी बघायला जमलेले शेजारी ऐकत असताना म्हणाली, "तुमच्या पीरबाबाचं नसंल ते. माझ्या माहेरचं हाय."

मामांनी टोपी मागं सरकवली.

"खालच्या गंगेतनं इथवर आलंय. नाव बी माझ्याच माहेरचं. ह्या घरात मी आले तवापासून माझ्या माहेरचं माणूस दारात आलं आन् तुमी त्याला चहा पाजल्याबिगर लावून दिलं, असं कवा झालं नाय. गावात तुमचं नाव त्याच्यामुळंबी हाय. आन् आता लेकरं घिऊन उतरल्यात तर तुमी त्यांच्या अंगावर मशीन घालणार? घाला. पण मग मला बी तिकडंच पोचवा."

एकानं खोकून बघितलं. मामांच्या हातात नारळ तसाच. ते एकदा घळीकडं बघायचे, एकदा बागेकडं, एकदा मामीकडं. मला मोसंबीची वळलेली पानं आठवत होती आणि मला माहीत होतं, त्यांनाही तीच दिसतायत. मी देवाचं, पीराचं, सगळ्यांचं नाव घेतलं.

मामा वळले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "वळसा घालून घे. टेकडीच्या पलीकडनं."

"आवं मालक, काल फोनवर तर सरळ घ्यायचं म्हणलात. लई लांब पडतंय तिकडनं."

"पडू दे." मामा जेसीबीच्या आणि घळीच्या मधे जाऊन उभे राहिले. शेजाऱ्यांकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खाली माझ्या सासरची मंडळी उतरल्यात. मोटारीचा सुद्धा आवाज नगं तिथं."

ड्रायव्हरनं मान लांब करून घळीत बघितलं. तिथं पाणकणीस हलत होतं, माणूस कुणी दिसेना. त्यानं मामांकडं बघितलं, मामीकडं बघितलं, आणि काय समजला कोण जाणे, चहाचा कप खाली ठेवून त्यानं यंत्र अगदी हळू, आवाज न करता मागं घ्यायचा प्रयत्न केला.